पॉइंट कसे मिळतात ते नंतर, कसे खर्च होतात ते आधी

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. वर्षाचा खर्च साधारण सहा लाख, बिल दर महिन्याला पूर्ण भरता, आणि समोर तीन कार्डं आहेत. पहिल्याला फी नाही, सगळीकडे दीड टक्का कॅशबॅक. दुसऱ्याची वार्षिक फी पाच हजार, शंभरामागे चार पॉइंट, आणि हॉटेलातलं जेवण व ऑनलाइन खरेदी यांवर ‘पाचपट’. तिसरं एका विमान कंपनीच्या नावाचं, फी तीन हजार, शंभरामागे दोन माइल्स, म्हणजे त्या कंपनीच्या तिकिटांसाठी वापरायचे पॉइंट. यांत सर्वांत जास्त रिवॉर्ड कोणाचे? आकडे कुठल्याही चलनात धरा, हिशेबाची रीत बदलत नाही.

मी बँकेच्या कार्ड विभागात सतरा वर्षं होतो, त्यातली नऊ रिवॉर्डच्या योजना आखण्यात गेली. त्या अनुभवावरून सांगतो, जवळजवळ प्रत्येक जण हा हिशेब चुकीच्या टोकाकडून सुरू करतो. किती पॉइंट मिळतात हे आधी बघतो. पॉइंटला स्वतःची किंमत नसते. तो ज्या दिवशी खर्च होतो त्या दिवशी त्याची किंमत ठरते, आणि ती किंमत ठरवण्याचा अधिकार बँकेकडे असतो. म्हणून आधी रिडेम्प्शनचं, म्हणजे पॉइंट खर्च करण्याच्या अटींचं, पान उघडा, जाहिरातीचं पान नंतर.

तुमच्या दुसऱ्या कार्डावर हे करून दाखवतो, कारण खरी गुंतागुंत तिथेच आहे. जाहिरातीत ‘शंभरामागे वीस पॉइंट’ असं ठळक अक्षरात असणार. वाचणाऱ्याच्या मनात वीस टक्के उमटतात. आता अटी वाचा. समजा विमानाची तिकिटं बँकेच्याच पोर्टलवरून, म्हणजे तिच्या संकेतस्थळावरून, काढली तर एका पॉइंटचे पन्नास पैसे मिळतात आणि कॅटलॉगमधली वस्तू घेतली तर वीस पैसे. वीस टक्क्यांचे इथेच दहा किंवा चार झाले. पुढची ओळ सांगते की जादा पॉइंट महिन्याला जास्तीत जास्त एक हजार. तुम्ही हॉटेल आणि ऑनलाइन मिळून महिन्याला दहा हजार खर्च करत असाल, तर नेहमीच्या चारवर जादा सोळा या दराने सोळाशे व्हायला हवेत, मिळतील हजारच. त्याच्या पुढची ओळ असते वगळलेल्या खर्चांची: घरभाडं, इंधन, विमा, वॉलेटमध्ये भरलेले पैसे, सरकारी भरणा. तुमच्या सहा लाखांतले दीड लाख यात जातात असं धरू.

मग उरतात साडेचार लाख. शंभरामागे चार म्हणजे अठरा हजार पॉइंट. वर्षभराचे जादा बारा हजार. एकूण तीस हजार. तिकिटांसाठी वापरले तर त्यांचे पंधरा हजार होतात, फी वजा जाता दहा हजार. कॅटलॉगमधून मिक्सर आणि सुटकेस घेतली तर सहा हजार, फी वजा जाता एक हजार. कार्ड तेच, खर्च तोच, फक्त शेवटचं पाऊल वेगळं. पहिल्या, बिनफीच्या कार्डावर त्याच साडेचार लाखांचे दीड टक्क्याने पावणेसात हजार होतात (तिथेही वगळलेल्या खर्चांची यादी असतेच, ती तपासा). म्हणजे दुसरं कार्ड पहिल्यापेक्षा सरस आहे की वाईट, हे कार्डावर ठरत नाही. तुम्ही वर्षातून एकदा तरी त्या पोर्टलवरून, तुम्हाला एरवीही काढायचीच असलेली तिकिटं काढणार आहात का, यावर ठरतं.

त्यात आणखी एक काळजी घ्या. पोर्टलवरचा तिकिटाचा दर आणि विमान कंपनीच्या स्वतःच्या संकेतस्थळावरचा दर एकाच वेळी, शेजारी शेजारी उघडून बघा. पोर्टलवर तेच तिकीट आठ टक्क्यांनी महाग असेल, तर तुमच्या पन्नास पैशांचे प्रत्यक्षात सेहेचाळीस झाले. रिडीम करताना वेगळं शुल्क आहे का, पूर्ण तिकीट पॉइंटमधून निघतं की ठरावीक टक्केच, हेही तिथेच कळतं. अर्ज करण्याआधी बँकेला फोन करून विचारण्यासारखा एकच प्रश्न असेल तर तो हा: ‘दहा हजार पॉइंट खात्यात असतील तर त्यांतून माझं कार्डाचं बिल किती कमी होईल?’ उत्तरात एक आकडा आला पाहिजे. ‘अनेक आकर्षक पर्याय आहेत’ हे उत्तर नव्हे.

आता तिसरं कार्ड, विमान कंपनीचं. साडेचार लाखांवर वर्षाला नऊ हजार माइल्स. जाण्यायेण्याच्या एका तिकिटाला पंचवीस हजार लागत असतील, तर जवळजवळ तीन वर्षं थांबावं लागेल, आणि तोवर फीचे नऊ हजार भरून झालेले असतील. माइल्स दोन वर्षांत बाद होत असतील तर ते तिकीट कधीच मिळणार नाही. अठरा हजारांवर पोचलात की मागचे गळायला लागतात. ‘मोफत’ तिकिटावरही कर आणि अधिभार खिशातूनच भरावे लागतात. वर्षातून दोनदा विमानात बसणाऱ्याने हातचं सोडून पळत्याच्या पाठी लागू नये. जो महिन्यातून तीन-चार वेळा त्याच कंपनीने उडतो, ज्याचे माइल्स प्रवासातूनच साठतात आणि कार्ड त्यांत फक्त भर घालतं, त्याच्यासाठी मात्र हेच कार्ड सर्वांत किफायतशीर ठरू शकतं. हे कार्ड मुळात त्याच माणसासाठी तयार झालं. अमेरिकन एअरलाइन्सने १९८१ मध्ये आपली माइल्सची योजना सुरू केली आणि १९८७ मध्ये सिटीबँकेबरोबर तिला कार्डाची जोड दिली. वारंवार फिरणारं गिऱ्हाईक दुसऱ्या कंपनीकडे जाऊ नये, एवढाच तिचा उद्देश होता.

कॅशबॅकची गोष्ट त्याच दशकातली. अमेरिकेत डिस्कव्हर कार्ड १९८६ मध्ये आलं आणि खर्चाचा छोटासा हिस्सा रोख परत देऊ लागलं. तोपर्यंत कार्ड म्हणजे उधारीची आणि प्रतिष्ठेची सोय होती. मला कॅशबॅकबद्दल आदर आहे, तो यासाठी की त्यात लपवायला जागा कमी असते. दीड टक्का म्हणजे दीड टक्का. बँकेला दर कमी करायचा असेल तर तो उघड करावा लागतो. पॉइंटच्या बाबतीत मिळण्याचा दर तसाच ठेवून रिडेम्प्शनचा दर घसरवता येतो, आणि बहुतेकांच्या ते लक्षातही येत नाही. एका विमान कंपनीचे माइल्स मी चार वर्षं जपून ठेवले होते. एका सकाळी ईमेल आली, ‘आमच्या योजनेत सुधारणा’. ज्या प्रवासासाठी मी साठवत होतो त्याला आदल्या दिवशी साठ हजार लागत होते, त्या दिवसापासून पंचाऐंशी हजार. माझ्याकडे चौसष्ट हजार होते. आदल्या रात्री तिकीट काढता आलं असतं. तेव्हापासून मी पॉइंट साठवत नाही. पुरेसे झाले की वापरतो. बँकेतल्या ठेवीवर व्याज तरी मिळतं. पडून राहिलेल्या पॉइंटवर काहीच मिळत नाही, आणि त्याचं मूल्य सहसा एकाच दिशेने जातं.

न वापरलेले पॉइंट बँकेच्या हिशेबात कसे दिसतात हेही ग्राहकाला ठाऊक असावं. तुमच्या खात्यातले पॉइंट हे त्यांच्यासाठी देणं असतं. त्यातले किती कधीच मागितले जाणार नाहीत याचा अंदाज बांधला जातो; धंद्याच्या भाषेत त्याला ‘ब्रेकेज’ म्हणतात. २०१८ पासून लागू झालेल्या आयएफआरएस १५ या आंतरराष्ट्रीय लेखामानकातही या अंदाजाला रीतसर जागा आहे. योजना आखताना आम्ही बैठकीत हा आकडा नेहमी समोर ठेवत असू. तो जितका जास्त, तितका जाहिरातीतला दर उदार ठेवता येतो. कोणाचे तरी पॉइंट वाया जाणार हे धरूनच तो दर परवडतो.

एक निवृत्त शिक्षिका एकदा आमच्या शाखेत आल्या होत्या. सहा वर्षांची स्टेटमेंट्स त्यांनी फायलीत क्रमाने लावून ठेवली होती, प्रत्येकीवर भरल्याची तारीख पेन्सिलने लिहिलेली. एक दिवसही उशीर नव्हता. त्यांच्या हिशेबाने पॉइंट ऐंशी हजारांच्या वर असायला हवे होते. मुलीकडे जाण्याचं तिकीट त्यातून काढायचं होतं. खात्यात होते एकतीस हजार. स्टेटमेंटच्या शेवटच्या पानावर, सर्वांत बारीक अक्षरात, ‘या महिन्यात बाद झालेले पॉइंट’ अशी एक ओळ असायची. तीन वर्षांची मुदत होती आणि दर महिन्याला तेराशे-चौदाशे गळत होते. मी ते पान त्यांच्यासमोर धरलं तेव्हा त्यांनी चष्मा काढून पुसला, पुन्हा लावला आणि ती ओळ बोट ठेवून वाचली. नियमाप्रमाणे सगळं बरोबर होतं. आम्ही काहीही परत करू शकलो नाही. त्या दिवसानंतर मी ज्या ज्या बैठकीत बसलो तिथे ती ओळ पहिल्या पानावर आणा म्हणून आग्रह धरला. दोनदा नकार मिळाला, तिसऱ्यांदा मान्य झालं. तुम्ही कार्ड कुठलंही घ्या, मुदत किती महिन्यांची आहे आणि ती कमावल्याच्या तारखेपासून मोजतात की शेवटच्या व्यवहारापासून, हे आधी विचारून घ्या.

‘पाचपट’वाल्या कार्डांत आणखी एक खड्डा आहे. बँकेला तुमच्या पिशवीतला माल दिसत नाही. तिला दिसतो फक्त दुकानाचा चार आकडी कोड. प्रत्येक दुकानाला व्यवसायाच्या प्रकारानुसार असा कोड मिळालेला असतो. सुपरमार्केटचा ५४११, रेस्टॉरंटचा ५८१२, पेट्रोलपंपाचा ५५४१. तुमच्या कार्डावर किराण्याला जास्त पॉइंट असतील, पण तुम्ही किराणा अशा मोठ्या दुकानातून घेत असाल जिथे कपडे आणि भांडीही मिळतात, तर त्याचा कोड ५३११, म्हणजे डिपार्टमेंट स्टोअरचा, असू शकतो. पावतीवर सगळा किराणाच असला तरी पॉइंट साधेच मिळतात. तारांकित हॉटेलच्या आतलं रेस्टॉरंट बऱ्याचदा रेस्टॉरंट म्हणून मोजलं जात नाही, हॉटेल म्हणून मोजलं जातं. तक्रार करून यातलं सहसा काही बदलत नाही. नेहमीच्या दुकानात आधी एक छोटी खरेदी करा आणि ती स्टेटमेंटमध्ये कुठल्या वर्गात येते ते बघा. मोठी खरेदी त्यानंतर.

हे पैसे येतात कुठून, हे समजलं की दुसऱ्या देशांतल्या सल्ल्यांनी दिशाभूल होत नाही. तुम्ही कार्ड स्वाइप केलं की दुकानदाराला पूर्ण रक्कम मिळत नाही. त्यातला काही भाग कापला जातो आणि त्यातला मोठा वाटा, ज्याला इंटरचेंज म्हणतात, कार्ड देणाऱ्या बँकेकडे जातो. रिवॉर्डचा मुख्य झरा हा. युरोपीय संघाने डिसेंबर २०१५ पासून ग्राहकांच्या क्रेडिट कार्डांवरचं इंटरचेंज ०.३ टक्क्यांवर बांधलं. जिथे बँकेच्या हातात शंभरामागे तीस पैसे येतात तिथे ती तुम्हाला दोन टक्के परत देऊ शकत नाही. ऑस्ट्रेलियाच्या रिझर्व्ह बँकेने २००३ मध्ये इंटरचेंज खाली आणलं तेव्हा तिथल्या कार्डांचे पॉइंटही आटले. अमेरिकेत हा दर बराच जास्त आहे, म्हणून तिथल्या माणसाने सांगितलेले रिवॉर्डचे आकडे ऐकून आपल्या बँकेवर चिडण्यात अर्थ नाही. आणि आपल्याकडचं एखादं कार्ड झऱ्याच्या पाण्यापेक्षा जास्त देत असेल, तर ते दुसरीकडून भरून काढलं जात आहे असं समजा: फीमधून, ब्रेकेजमधून, किंवा व्याजातून.

व्याजाबद्दल. तुम्ही बिल पूर्ण भरता असं लिहिलंत, म्हणून इथपर्यंतचा सगळा हिशेब लागू आहे. एक महिना चुकला तर काय होतं ते तरीही मांडतो. पन्नास हजारांचं बिल, त्यातले चाळीस भरले, दहा राहिले. बऱ्याच जणांना वाटतं व्याज दहा हजारांवर लागेल. अनेक ठिकाणी बिनव्याजी मुदतच रद्द होते आणि प्रत्येक खरेदीवर खरेदीच्या दिवसापासून व्याज धरलं जातं. शिवाय पुढच्या महिन्याच्या नव्या खरेदीलाही मुदत मिळत नाही. दर महिन्याला तीन टक्के असेल, तर त्या पन्नास हजारांवर एका महिन्याचेच पंधराशेच्या आसपास झाले. वर काढलेल्या हिशेबाने तुमचं दुसरं कार्ड महिन्याला सरासरी आठशे-साडेआठशे मिळवून देतं. एका चुकीत दोन महिन्यांची कमाई गेली. म्हणून कार्ड हातात आल्या दिवशी ऑटो-पे लावा, आणि लावताना पर्याय नीट वाचा: ‘एकूण देय रक्कम’ निवडायची, ‘किमान देय रक्कम’ नाही. ही एक टिचकी चुकलेली माणसं मी शेकड्यांनी पाहिली. ज्यांना दर महिन्याला पूर्ण भरणं खात्रीने जमत नाही, त्यांनी रिवॉर्डचा विचार सोडून कमी व्याजदराचं कार्ड शोधावं, किंवा कार्डच घेऊ नये. कार्डावरून रोख तर कोणीच काढू नये. त्यावर पहिल्या दिवसापासून व्याज चढतं.

दुसरा धोका जास्त सूक्ष्म आहे, आणि बिल पूर्ण भरणाऱ्यालाही तो असतो. ड्रेझेन प्रेलेक आणि डंकन सिमेस्टर या अमेरिकेतल्या एमआयटी विद्यापीठातल्या दोघांनी २००१ मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला. बास्केटबॉलच्या सामन्याच्या तिकिटांसाठी बोली लावायची. काहींना सांगितलं पैसे रोख द्यायचे, काहींना सांगितलं कार्डाने. कार्डवाल्यांच्या बोली सरासरी दुपटीच्या आसपास गेल्या. दोन टक्के परत मिळवण्यासाठी पाच टक्के जास्त खर्च होत असेल तर तो फायदा कागदावरच राहतो. ‘आणखी चाळीस हजार खर्च केलेत तर फी माफ’ असा मेसेज येईल तेव्हा हे आठवा. विम्याचा हप्ता पुढच्या महिन्यात येणारच आहे आणि तो मोजला जाणार असेल, तर आधी भरून टाका, चांगलंच आहे. पण पाच हजारांची फी वाचवायला नको असलेला चाळीस हजारांचा फोन घेणं हा तोटाच.

स्वागताचा बोनस मोठा असतो म्हणून पहिल्या वर्षाचा हिशेब फसवा दिसतो. हिशेब दुसऱ्या वर्षाचा करा, बोनस बाजूला ठेवून. एअरपोर्ट लाउंज, विमा, गोल्फ वगैरेंची किंमत जाहिरातीत लिहिलेली धरू नका. ती सोय नसती तर तुम्ही स्वतःच्या खिशातून त्यासाठी किती दिले असते, तेवढीच धरा. बहुतेकांच्या बाबतीत ते उत्तर शून्याच्या जवळ येतं. परदेशी चलनात खर्च करणार असाल तर रूपांतराचा अधिभार बघा. तो तीन-साडेतीन टक्के असेल तर रिवॉर्ड धुऊन निघतात. आणि परदेशात मशीनने ‘तुमच्या चलनात की इथल्या चलनात’ असं विचारलं तर तिथलंच चलन निवडा.

तुमच्यासाठी माझं मत असं. तिसरं कार्ड सोडा. मागच्या बारा महिन्यांची स्टेटमेंट्स काढा, कागदावर पाच-सहा रकाने आखा आणि प्रत्येक खर्च कुठे बसतो ते लिहा. दीड तास लागेल. वगळलेल्या यादीतला खर्च माझ्या अंदाजाप्रमाणे दीड लाखच निघाला आणि वर्षाला पंधरा-वीस हजारांची तिकिटं तुम्ही एरवीही काढत असाल, तर दुसरं कार्ड घ्या, आणि पहिलंही ठेवा, त्याला फी नाहीच. महिन्याची हजार जादा पॉइंटांची मर्यादा सव्वासहा हजारांच्या खर्चात संपते. त्यापुढे दुसऱ्या कार्डावर शंभरामागे चार पॉइंट, म्हणजे तिकिटांच्या दराने दोन टक्के पडतात, ते पहिल्याच्या दीडपेक्षा तरीही जास्त आहेत. म्हणून सगळा खर्च दुसऱ्यावरच चालू द्या आणि त्याने वगळलेला जो खर्च पहिलं मोजतं तेवढाच पहिल्यावर टाका. तिकिटं काढत नसाल, किंवा पोर्टलवर जाऊन ती खटपट करायचा कंटाळा असेल (तसं असण्यात काही गैर नाही), तर पहिलं कार्ड पुरेसं आहे, दुसऱ्याचा अर्जही करू नका.

दुसरं घेतलंत तर फोनच्या कॅलेंडरमध्ये दोन तारखा आजच टाका. एक दहाव्या महिन्याची: साठलेले पॉइंट तिकिटांवर वापरून टाकायची. दुसरी अकराव्या महिन्याची: वर्षभरात प्रत्यक्ष किती पदरात पडलं ते फीशी ताडून बघायची. ते कमी भरलं तर फी लागण्याआधी बँकेला फोन करून कार्ड बिनफीच्या प्रकारात बदलून मागा. बंदच करायचं असेल तर आधी पॉइंट शून्यावर आणा, मग बंद करण्याचा अर्ज द्या. बहुतेक योजनांत कार्ड बंद झालं की उरलेले पॉइंट त्याच दिवशी जातात.